एकवीसची खाच

१

नऊ नंबरचा घोडा पडून पाच दिवस झाले होते, आणि कारखान्यातला एकही माणूस त्याच्या जवळून जायला तयार नव्हता. गडहिंग्लजकडच्या त्या साखर कारखान्यात उसाचा चोथा बॉयलरकडे नेणारा एक उंच पट्टा यंदा नवा बसवला होता. पट्ट्याखाली चौदा लोखंडी घोडे, म्हणजे चौपायी सांगाडे, ओळीनं उभे होते. आता तेरा उभे होते. पट्टा जिथं डावीकडे वळतो तिथला नववा गुडघे मोडून खाली बसला होता, आणि बसताना ज्ञानू नावाच्या अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला घेऊन गेला होता.

संयोगिताबाई इंगवले यांनी चष्मा पुसला, साडीचा पदर खोचला आणि त्या ढिगाऱ्यात शिरल्या. एकोणतीस वर्षं त्यांनी दुसऱ्यांचे नकाशे तपासले होते. निवृत्त झाल्या तरी कुठं लोखंड मोडलं की त्यांना बोलावणं यायचंच. पाठीमागं लोक त्यांना ‘फूटपट्टी’ म्हणत, हे त्यांना ठाऊक होतं आणि त्याचं त्यांना काही वाटत नसे. या वेळी कारखान्यानं बोलावलं होतं. अहवाल सोमवारी कोर्टात जायचा होता. नकाशावर ज्याचं नाव होतं त्या प्रसेनजीत कांबळेवर सदोष मनुष्यवधाचा गुन्हा लागला होता आणि तो चार दिवसांपासून कोठडीत होता. सोमवारी तो घरी जाणार की वर्षानुवर्षं आत बसणार, हे बाईंच्या वहीवर ठरायचं होतं.

"ह्या तिकोन्या फाटल्या बगा," कारखान्याचा इंजिनियर लांबूनच म्हणाला.

खांब आणि आडवी तुळई जिथं मिळतात, तिथं कोपऱ्यात एक तिकोनी पट्टी वेल्डिंगनं बसवतात. वळणावरचा सगळा मार ती खाते. बाईंनी एकेक तिकोनी मोजली. जाडी दहा मिलिमीटर. या जागेला दहाची पट्टी म्हणजे पैलवानाच्या पायात पोराच्या चपला. सोळा तरी हवी होती.

पण बाईंना सगळंच मोजायची खोड. वेल्डिंगचा थर सलग जावा म्हणून तिकोनीचं आतलं टोक थोडं छाटून खाच ठेवतात, तीही त्यांनी मोजली. नवव्याच्या चारी तिकोन्यांना एकवीस. मग शिडी लावून आठव्याची पाहिली, दहाव्याची पाहिली. जाडी दहाच, पण खाच पंधरा. त्यांनी दोन्ही आकडे वहीत लिहिले. त्या घडीला त्यांतून काही अर्थ निघाला नाही.

पंचनाम्याचा कागद हातात धरून हवालदार उभा होता. मयताच्या खिशातल्या वस्तू त्यानं वाचून दाखवल्या. कोल्हापूर ते गडहिंग्लज एस.टी.चं तिकीट, रुमाल, एक व्हर्नियर.

"ज्ञानू इथं कामाला होता ना?" बाईंनी विचारलं.

"न्हाय हो. त्यो तिकडं शिरोलीला, हे घोडं जितं बनवलं त्या शॉपात प्लेटा कापायचा. हितं त्याचं काईच काम न्हवतं. रविवारी पट्ट्याची ट्रायल होती, तवा कुणाला न इचारता वर चढला म्हणं."

"ते व्हर्नियर दाखवा."

हवालदारानं पिशवी उघडली. जाडी मोजायचं ते साधं, हाताळून गुळगुळीत झालेलं माप होतं. कारागीर एखादं माप कुणाला दाखवायला न्यायचं असलं की वरचा स्क्रू आवळतो, म्हणजे ते हलत नाही. ज्ञानूनं स्क्रू गच्च आवळला होता. बाईंनी चष्म्याजवळ धरून वाचलं. दहा, आणि वर रंगाचे दोन दशांश.

मरायच्या आधी हा माणूस नेमकी हीच तिकोनी मोजत होता.

२

शिरोलीच्या शॉपाचे मालक विजयसिंह यांनी चहा मागवला, उसासा सोडला आणि आधीच तयार ठेवलेला नकाशा टेबलावर पसरला.

"बगा मॅडम. छप्पन तिकोन्या, सगळ्या दहाच्या. नकाशा काढणारं पोरगं हुशार हुतं, पर उरकायची घाई लई. वळणावर जाड पायजे हे इसरलं. आमी कागदावर हाय तेच करतो."

"शॉपात ज्यावरून कापलं तो जुना कागद कुठाय?"

मालकांनी दाराकडे पाहिलं. दारात फोरमन बाळासो उभा होता. ज्ञानूचा सख्खा मामा. भाच्याचे दिवस व्हायचे होते तरी माणूस कामावर आला होता, आणि आल्यापासून त्यानं बाईंच्या डोळ्याला डोळा दिला नव्हता.

"रंगानं खराब झालता. टाकून दिला," तो म्हणाला.

"कारखान्याकडं एखादी प्रत?"

"त्यास्नी निसता ढोबळ नकाशा जातो. जाड्या नसत्यात त्यात."

राहिला कम्प्युटर. प्रसेनजीतच्या हाताखालची श्रुती तो चालू करायला बसली. बाविशीची पोरगी, शॉपाच्या वॉचमनची लेक. कम्प्युटरच्या डब्यावर कुंकवाचं बोट अजून स्पष्ट होतं आणि पडद्याच्या मागं झेंडूची एक वाळकी पाकळी अडकली होती. भिंतीवर शॉपातल्या सगळ्यांचा फोटो होता. मधोमध हार घातलेला हाच कम्प्युटर, त्याला कुंकू लावणारी श्रुती, एका कडेला हसणारा ज्ञानू.

श्रुतीनं तिकोनीची फाईल उघडली. असल्या कामात छप्पन तिकोन्या छप्पन वेळा कुणी काढत बसत नाही. एक मूळ तिकोनी काढतात आणि तिच्यासोबत एक तक्ता ठेवतात. दहाची हवी तर त्याची एक ओळ, सोळाची हवी तर दुसरी. मग प्रत्येक घोडा आपापली ओळ उचलतो. तक्त्यात एके ठिकाणी हात लावला की सगळ्या नकाशांत आपोआप बदलतं. केवढी सोय! आणि केवढी धास्ती, कारण ओळच नाहीशी झाली तर घोडा तक्रार करत नाही. उरलेली ओळ उचलतो आणि गप्प राहतो.

तक्त्यात एकच ओळ होती. दहा.

"शेवटचा बदल कधीचा?"

"प्रसेनजीत सरांच्या नावानं. एक ऑक्टोबर, सकाळी अकरा वीस," श्रुती म्हणाली.

"आणि नकाशा शॉपाला कधी दिला?"

"चार तारखेला. रजिस्टरला हाय," विजयसिंहच घाईनं म्हणाले. "म्हंजे पहिल्यापास्नं दहाच हुती. झालं की मग! आजून काय पायजे?"

बाई उठल्या. पुरावा सरळ होता, जरा जास्तच सरळ. त्या दारापर्यंत गेल्या तेव्हा मागून श्रुतीचा बारीक आवाज आला.

"मॅडम, तारीख लिवून घेतलासा न्हवं?"

"घेतली की."

"न्हाय, म्हटलं ऱ्हायली असली तर."

"ए, तू तुझं बग!" मालक खेकसले, आणि पोरगी मान खाली घालून पडद्यात घुसली.

३

शनिवारी सकाळी पोलीस ठाण्याच्या पायरीवर प्रसेनजीतची बायको प्रियदर्शनी डबा मांडीवर घेऊन बसली होती. बाई आत जाताना ती उभी राहिली. ते उभं राहणं बाईंना फार लागलं.

प्रसेनजीतची दाढी वाढली होती. गजाच्या पलीकडून तो आधी नमस्कार करायला विसरला, मग ओशाळून दोन्ही हात जोडले.

"मी दोन ओळी केलत्या, मॅडम. ‘अ’ दहाची, बावन्न नग. ‘ब’ सोळाची, चार नग, फकस्त नवव्याला. वळण हाय तिथं."

"मग ‘ब’ गेली कुठं?"

"मला ठावं असतं तर मी हितं असतो व्हय?" तो एकदम चढला आणि तितकाच एकदम विझला. "सायेब रोज तेच इचारत्यात. दाखव म्हणत्यात. तक्त्यात न्हाय, कागद न्हाय, काय दाखवू? आता माझं मलाच वाटायलंय, केलीच न्हाय काय की मी. ज्ञानू माझ्या हातनं मेला काय की. रात्री डोळं मिटलं की तीच एक ओळ दिसती."

पुष्कळ चुकार नकाशेवाले बाईंनी पाहिले होते. ते असं बोलत नाहीत, ते दुसऱ्याचं नाव घेतात.

"रडू नकोस. मला एक सांग. तिकोनीच्या टोकाची खाच किती ठेवलीस?"

"खाच?" या प्रश्नानं तो गोंधळला. "ती हातानं न्हाय धरली. सूत्र घातलंय आत. पट्टी जितकी जाड तितका वेल्डिंगचा थर मोठा, म्हणून खाचबी मोठी पायजे. जाडी अधिक पाच. जाडी बदलली की खाच आपली आपण बदलती."

"हे सूत्र कुणाला माहीत आहे?"

"मला. श्रुतीला शिकवलतं एकदा. बाकी कोण बगतंय खाच!"

बाईंनी वही उघडली. नवव्याचं पान काढलं.

"दहा अधिक पाच?"

"पंधरा."

"नवव्यावर मी चारी तिकोन्या मोजल्या. खाच एकवीस आहे."

प्रसेनजीतचे ओठ हलले. एकवीसातून पाच गेले. तेवढा हिशोब करायला त्याला बराच वेळ लागला.

"सोळा," तो म्हणाला, आणि गज धरून तसाच खाली बसला. "म्हंजे मी केलती न्हवं, मॅडम? केलती न्हवं मी?"

"केली होतीस. ज्ञानूनं कापलं तेव्हा तुझी ‘ब’ ओळ जिवंत होती. आकार सोळाचा कापला गेला, मशीनखाली प्लेट मात्र दहाची सरकवली. आणि माणूस मेल्यावर कुणीतरी ती ओळच पुसून टाकली."

"कुणी?"

ते बाईंना अजून ठाऊक नव्हतं. आणि नुसत्या एका खाचेवर कोर्ट माणूस सोडत नाही, हेही त्यांना चांगलं ठाऊक होतं. मालकाचा वकील उठून म्हणेल, मशीन हुकलं असेल. मध्ये फक्त रविवार उरला होता.

४

ज्ञानूचं घर राधानगरी रस्त्यावरच्या एका गावात होतं; बाई त्याच दुपारी तिथं पोचल्या. दारात दोन म्हशी, पडवीत पाच-सहा बायका, आणि भिंतीला टेकून त्याची आई तानूबाई. रडून रडून तिच्या डोळ्यांत आता काही उरलं नव्हतं. उंबऱ्यावर बाळासो बसला होता. बाईंना बघून तो उठला नाही, आत सरकलाही नाही.

"जोतिबाला जातो म्हणून गेला, बाई," तानूबाई म्हणाली. "येताना गुलाल आणतो म्हणला. मी वाट बगत बसलो. आन् सांजला मामा सांगत आला, त्यो गडिंग्लजला गेलता म्हणून."

जोतिबा कोल्हापूरच्या एका अंगाला, गडहिंग्लज पार दुसऱ्या अंगाला. चुकून पोचायची जागा नव्हे ती.

"खोटं बोलायचा का कधी?"

"माझं पोर? देवाचं नाव घिऊन? कवाच न्हाय! कायतरी मोठं असल्याबगार त्यो बोलायचा न्हाय." तिनं पदरानं तोंड पुसलं. "दसरा झाल्यावर जेवणावर वासना न्हवती त्याची. दिवाळीत मामा फराळाला आला तवा ताटावर बसून इचारलं त्यानं, ‘मामा, झालं काय ते काम?’ मामा म्हणला, ‘झालं, तू जेव.’ त्या दिशी चार लाडू खाल्लं बगा पोरानं."

"कसलं काम, बाळासो?"

"घरचं हुतं कायतरी," उंबऱ्यावरून उत्तर आलं. "आता आटवत न्हाय."

बाईंची नजर भिंतीवर गेली. कॅलेंडरचं पान दिवाळीनंतर कुणी उलटलंच नव्हतं, अजून ऑक्टोबरच लटकत होता. दोन तारीख लाल अक्षरात, दसरा. आणि तिच्या शेजारी, काळ्या अक्षरातल्या एक तारखेच्या पोटात, बारीक छापलेलं: खंडेनवमी.

कम्प्युटरवरचं कुंकू. पडद्यामागची झेंडूची पाकळी.

"बाळासो," बाईंनी अगदी सहज विचारलं, "खंडेनवमीला शॉपात काम चालतं का हो?"

तीस वर्षांच्या सवयीनं, विचार न करता फोरमन बोलून गेला. "काय बोलताय! हत्याराला हात लावत न्हाय कोण त्या दिशी. मेन स्विच मी सवता पाडतो, सकाळी धा वाजता. सगळ्यास्नी कुंकू लावायचं, नारळ फोडायचा, परसाद घ्यायचा की घरला. स्विच वर करायचा त्यो दसऱ्याच्या दुसऱ्या दिशी."

"कम्प्युटरसुद्धा बंद?"

"मेन पाडल्यावर कम्प्युटर कशावर चालंल, बाई?"

मग त्याला कळलं आपण काय बोललो ते.

५

रविवारी दुपारी श्रुती शॉपाच्या फाटकाबाहेरच्या चहाच्या टपरीवर आली. बाईंनी निरोप धाडला होता. फाटकाच्या आत तिचा बाप, वॉचमनच्या काठी-टोपीतला म्हातारा, खुर्ची टाकून बसला होता. त्यांची खोलीही आतलीच, शॉपाच्या मालकीची.

"बस," बाई म्हणाल्या. "मी बोलते, चुकलं तर सांग. एक ऑक्टोबरला अकरा वीसला त्या कम्प्युटरवर बदल होऊच शकत नाही, मेन स्विच पडलेला होता. म्हणजे बदल नंतर झाला आणि त्यासाठी कम्प्युटरची तारीख मागं फिरवली. तो तक्ता हाताळता येतो दोघांनाच. प्रसेनजीतनं केलं म्हणावं, तर स्वतःला फाशी द्यायला स्वतःच्या नावानं कशाला करेल? राहिलीस तू."

श्रुतीनं मान हलवली. नकार नव्हता तो.

"पण एक गोष्ट मला काल दुपारपासून खाते आहे. फोटोत कम्प्युटरला कुंकू लावणारा हात तुझा आहे. ती तारीख तू विसरणं शक्य नाही. मग तीच का?"

पोरगीनं चहाचा कप खाली ठेवला. दोन्ही हात मांडीवर घट्ट धरून ती बोलू लागली, तेव्हा आवाज मात्र स्थिर होता.

"सोमवारी सकाळी मालकांनी बोलवून घेतलं. म्हणले सोळाची ओळ काड, आन् नकाशा शॉपाला गेला त्याच्या आधीची कुठलीबी तारीख टाक. मी न्हाय म्हटलं. तर म्हणले, तुझ्या बाला खोली सोडाय सांगू काय? बाला धाप हाय, मॅडम. ह्या वयात त्याला कोण ठिवून घिल?" तिनं श्वास घेतला. "सरांचा पासवर्ड चिट्टीवर असतोय, कीबोर्डाखाली. मी बसलो. ओळ काडली. मग तारीख टाकताना सुचलं. म्हटलं खंडेनवमीची टाकू. कुणीतरी बगंल. कोल्हापुरातला माणूस हाय म्हटल्यावर इचारंलच की, त्या दिशी ह्या मशीनला हात लावला कुणी? सायेब आलं, कागद नेलं. वकील आलं. पाच दिस कुणी इचारलं न्हाय. सरांची बायको रोज डबा घिऊन हितनंच जाती. मी तोंड लपवून बसतो."

"आणि खाच?"

"ती बी मुद्दाम तशीच सोडली. सूत्राला हात लावला न्हाय."

आपल्या परीनं पोरीनं दोन खिडक्या उघड्या ठेवल्या होत्या. बाईंना तिचा राग यायला हवा होता. थोडा आलाही. पण कोठडीतल्या माणसाला सोडवायला लागणारं धैर्य आणि बापाच्या डोक्यावरचं छप्पर, यांची मोजणी करायला कुठलीच पट्टी नाही, हे मोजण्यात आयुष्य घालवलेल्या बाईला कळत होतं.

"मालक सांगत होते तेव्हा आणखी कोण होतं?"

"बाळासोमामा. भिंतीकडं तोंड करून हुबा हुता."

"हे सगळं साहेबांपुढं सांगशील?"

श्रुतीनं फाटकाकडे पाहिलं. म्हातारा खोकत होता.

"सांगतो," ती म्हणाली. "आता सांगतोच."

६

संध्याकाळी चार वाजता शॉपाच्या ऑफिसात इन्स्पेक्टर, विजयसिंह, बाळासो आणि श्रुती एवढी माणसं होती. बाईंनी नवव्या घोड्याची फाटलेली तिकोनी टेबलावर ठेवली. काचेवर ती खाडकन वाजली.

"श्रुती, तक्त्यात दहा टाक. खाच किती येते?"

"पंधरा."

"सोळा टाक."

"एकवीस."

"साहेब, ही तिकोनी मोजा. जाडी दहा, खाच एकवीस. दहाच्या पट्टीला एकवीसची खाच हा कम्प्युटर जन्मात काढणार नाही. म्हणजे कापायच्या दिवशी सोळाची ओळ तक्त्यात होती. आज ती नाही. मग ती पुसली कधी? कम्प्युटर म्हणतो एक ऑक्टोबरला, म्हणजे कापायच्याही आधी, आणि तेही खंडेनवमीला, मेन स्विच पडलेला असताना. तारीख खोटी आहे. प्रसेनजीतनं आपलं काम चोख केलं होतं."

"मशीन हुकलं असंल!" विजयसिंह ओरडले. "एक खाच घिऊन माझ्या इज्जतीवर येताय व्हय? आन् त्या पोरीचं काय ऐकताय, वॉचमनची..."

"चार तिकोन्या, चारी एकवीस, चारी एकाच घोड्यावर. मशीन इतकं शहाण्यासारखं हुकत नसतं, विजयसिंह."

मग बाईंनी पोलिसांच्या पुराव्याच्या पिशवीतून व्हर्नियर काढलं आणि बाळासोच्या पुढ्यात ठेवलं. स्क्रू अजून आवळलेला होता.

"हे ज्ञानूच्या खिशात सापडलं. कापायचं काम त्याचं. कुठल्या आकाराखाली कुठली प्लेट गेली, हे त्याच्याइतकं कुणाला ठाऊक? त्यानं दिवाळीत विचारलं, झालं काय ते काम. तुम्ही म्हणालात, झालं. त्याचा विश्वास बसला. पण ट्रायलची तारीख आली तसा तो विश्वास कुठंतरी उसवला असणार. आईला जोतिबा सांगून तो गडहिंग्लजला गेला, वर चढला आणि मोजलं. स्क्रू आवळला, तुम्हाला आणून दाखवायला. तेवढ्यात खालून कुणीतरी पट्टा सुरू केला."

बाळासोनं ते माप उचललं. अंगठ्यानं स्क्रू चाचपला. त्याच्या खांद्यातून एक हुंदका असा काही फुटला की इन्स्पेक्टरही अर्धवट उठले.

"सोळाची प्लेट आली न्हवती," तो म्हणाला. "गाडी दुसऱ्या दिशी भरायची. मालकांचा जीव टांगणीला. त्यो म्हणला, मामा, ही सोळाची हाय, दहाची कशी घालू? मी म्हटलं, घाल, रंगाखाली सगळ्या सारख्याच दिसत्यात. ट्रायलच्या आधी साईटवर जाऊन बदलू. बदलणारच हुतो, बाई. माझ्या लेकरांची आण. मग दुसरं काम आलं, दिवाळी आली. त्यानं ताटावर इचारलं, तवा... त्यो जेवत न्हवता म्हणून मी झालं म्हटलो."

"गप ऱ्हा, बाळासो!" मालक किंचाळले.

"आता काय गप ऱ्हाऊ, मालक? त्या दिशी गप ऱ्हायलो, भिंतीकडं बगत. तुमी पोरीला सांगत हुता आन् मी भिंत बगत हुतो."

इन्स्पेक्टरांनी ठाण्यात फोन लावला. उद्या कोर्टात पोलीस हरकत घेणार नाहीत, कांबळेच्या बायकोला आत्ताच कळवा, एवढं त्यांनी सांगितलं. विजयसिंह वकिलाचा नंबर शोधत राहिले. श्रुती उठून बाहेर फाटकाशी बापाजवळ जाऊन बसली.

बाळासोनं एकच मागणी केली. जीपमध्ये घालायच्या आधी आक्काला भेटू द्या. दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिला कळू नये.

संयोगिताबाईंना जायचं नव्हतं. त्यांचं काम संपलं होतं. तरी त्या गेल्या.

तानूबाई तशीच भिंतीला टेकून होती. भाऊ तिच्यासमोर जमिनीवर बसला आणि खाली मान घालून त्यानं सगळं सांगितलं. प्लेट, गाडी, रंग, दिवाळीतलं ताट. पडवीतल्या बायका कामं सोडून थबकल्या. सांगून झालं तेव्हा तानूबाईनं विचारलं,

"किती कमी हुती पट्टी?"

बाळासोनं उजवा हात वर केला. अंगठा आणि बोट यांच्यात एवढीशी फट धरली. तीस वर्षांचा फोरमन, मापाला चुकणारा हात नव्हता. बरोबर सहा मिलिमीटर.

"एवढीच?"

"एवढीच, आक्का."

तानूबाई त्या फटीकडे बघत राहिली.

"मग तेवढं सांगाय काय झालतं रं तुला? ताटावर बसून इचारलं की त्यानं. न्हाय झालं म्हणायचं हुतंस. एक दिस उपाशी उठला असता माझा पोरगा."

दारात जीप उभी होती आणि हवालदार दोनदा खाकरला. तरी बाळासोचा हात तसाच वर होता, अंगठा आणि बोट तेवढ्याच अंतरावर धरून.